ब्राउझरवरच खेळता येतील असे चांगले फुकट गेम कोणते? आणि त्यांच्यामुळे खरंच व्हायरस येतो का?

डाउनलोड नको, पैसे नकोत, जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं खेळून बंद करता येईल असं काहीतरी सांगा, असं तुम्ही विचारलंय. एवढंच असतं तर मी वाचून पुढे गेले असते. पण खाली तुम्ही लिहिलंय की मित्र म्हणतो, असल्या गेमनेच कॉम्प्युटरमध्ये व्हायरस येतो. हे वाक्य आमच्या घरात दर दिवाळीला फराळाच्या ताटाबरोबर येतं, म्हणून उत्तर लिहायला बसले.

आधी गेम. बुद्धिबळ येत असेल तर लीचेस, बाकी काही शोधू नका. एका फ्रेंच प्रोग्रामरने 2010 मध्ये सुरू केलेली साइट आहे, आता ना-नफा संस्था चालवते, लोकांच्या देणग्यांवर. एक जाहिरात दिसणार नाही. खातं न उघडतासुद्धा डाव लावता येतो. पाच मिनिटांचा डाव घ्यायचा, हरायचं आणि डबा उघडायचा.

बुद्धिबळ नको असेल तर 2048. सारख्या आकड्यांचे चौकोन सरकवून एकत्र करायचे आणि 2048 पर्यंत पोचायचं. गाब्रिएले चिरुल्ली नावाच्या एकोणीस वर्षांच्या इटालियन पोराने 2014 मध्ये शनिवार-रविवारात बनवला आणि कोडसकट फुकट वाटून टाकला. त्यामुळे त्याच्या नकला पैशाला पासरी मिळतात आणि त्यातल्या बऱ्याच जाहिरातींनी बरबटलेल्या असतात, तेव्हा मूळचाच शोधा. सर्वांत मोठा आकडा एका कोपऱ्यात बसवायचा आणि काही झालं तरी तिथून हलू द्यायचा नाही, एवढं जमलं की बराचसा खेळ आला. वर्डल इंग्रजी आहे, पण रोज एकच शब्द ओळखायचा, तो सुटला किंवा सहा प्रयत्न संपले की उद्या या. न्यूयॉर्क टाइम्सने 2022 मध्ये विकत घेतला तरी रोजचा शब्द अजून फुकट आहे. माझ्या मते चांगल्या फुकट खेळाची हीच खूण. तो संपतो. कुकी क्लिकर नावाचा प्रकार आहे, त्यात बिस्किटावर क्लिक करत बसायचं आणि बिस्किटं वाढताना बघायची. लोकांना तो फार आवडतो. मला नाही आवडत. दिवसभर ऑफिसात आकडेच वाढताना बघायचे, सुट्टीतही तेच कशाला?

आता व्हायरसचं.

2009 च्या आसपासची गोष्ट. आम्ही कराडला एकत्र राहायचो. घरात एकच कॉम्प्युटर, असेंबल केलेला, विंडोज एक्सपीवाला. दिवसा त्यावर माझे दीर लग्नपत्रिका करायचे, कोरलड्रॉमध्ये. मी त्यांना भाऊजी म्हणते, इथेही तेच म्हणेन. बीएसएनएलचा तो प्लॅन होता ना, रात्री दोन ते सकाळी आठ कितीही वापरा, तो आमच्याकडे होता. मी पाचला उठायचे, पाणी यायच्या आत तासभर माझा. त्या तासात मी स्टिक क्रिकेट खेळायचे. काडीपैलवान बॅट्समन, डावी कळ आणि उजवी कळ, बास. एकदा पान उघडलं की इंटरनेटची लाइन गेली तरी खेळ चालू राहायचा, कारण फ्लॅशचा (तेव्हा ब्राउझरमधले गेम ज्यावर चालायचे ते अडोबीचं सॉफ्टवेअर) सगळा गेम आधीच उतरलेला असायचा. सासूबाई चहा घेऊन यायच्या आणि किती झाले विचारायच्या. घरात माझा स्कोअर विचारणारं माणूस तेवढंच.

ऐन लग्नसराईत कॉम्प्युटर बिघडला. तो कसा बिघडला हे नीट सांगते, कारण त्यातच उत्तर आहे. भाऊजींचं फोल्डर उघडायला गेलं तर उघडेना. प्रत्येक फोल्डरच्या जागी त्याच नावाची, फोल्डरचंच चित्र असलेली फाइल. पेन ड्राइव्हमध्ये न्यू फोल्डर नावाचं एक पिल्लू, पुसलं तरी परत उगवायचं. टास्क मॅनेजर उघडेना, मेनूतून फोल्डर ऑप्शन्स गायब. त्या काळात कॉम्प्युटर वापरला असेल त्या कुणालाही ही लक्षणं वाचून हसू येईल, इतका तो आजार गावभर होता. तो पसरायचा पेन ड्राइव्हमधून. पेन ड्राइव्ह लावला की एक्सपी त्यातलं काहीही आपणहून चालवायला घ्यायची. ही सवय मायक्रोसॉफ्टने 2011 मध्ये अपडेट पाठवून मोडली, म्हणजे आमची पत्रिका छापून झाल्यावर.

आणि भाऊजींचा पेन ड्राइव्ह कुठे कुठे जायचा? फ्लेक्सवाल्याकडे, झेरॉक्सच्या दुकानात, छापखान्यात, परत घरी. दिवसातून अनेकदा. माझा गेम तर ब्राउझरच्या बाहेर पाऊलही टाकत नव्हता. तरी घरातला पहिला प्रश्न काय, तर सकाळी कॉम्प्युटरवर कोण बसतं?

बोलावलेल्या मेकॅनिकनेही मला बघितलं, ब्राउझरची हिस्ट्री बघितली, आणि "गेम खेळता का वहिनी?" म्हणाला. संपलं. निकाल लागला. त्याने दोन्ही ड्राइव्ह फॉरमॅट मारले आणि त्या सीझनच्या सगळ्या पत्रिका गेल्या. "वहिनींच्या क्रिकेटने माझा सीझन खाल्ला" हे वाक्य तेव्हापासून चालू आहे.

खरी चीड पुढेच आहे. तो व्हायरस फायली खात नसे. खरी फोल्डर लपवून स्वतः त्यांच्या नावाने पुढे उभा राहायचा. कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत अ‍ॅट्रिब नावाच्या कमांडची एक ओळ टाकली असती तर लपलेलं सगळं पुन्हा दिसलं असतं. हे मला पुढे नोकरीच्या ठिकाणी एका मुलाने दाखवलं, तिथल्या पेन ड्राइव्हवर, डोळ्यांदेखत. पत्रिका डी ड्राइव्हवर होत्या तिथेच होत्या. त्या माझ्या गेमने घालवल्या नाहीत, व्हायरसनेही नाही. फॉरमॅटने घालवल्या, आणि त्याचे पैसे आम्ही मेकॅनिकला वर दिले. मी हे घरी सांगितलं. भाऊजी म्हणाले, असेल, पण सुरुवात गेमनेच झाली. या माणसाशी काय बोलणार?

तर तुमच्या मित्राला सांगा, ब्राउझरमध्ये चालणारा खेळ ब्राउझरच्या चौकटीत चालतो, तुमच्या फायलींना तो परस्पर हात लावू शकत नाही. धोका असतो तो खेळाच्या आजूबाजूला. मोठ्ठं हिरवं डाउनलोडचं बटण, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडला" म्हणून ओरडणारी खिडकी, "खेळायला हे एक्स्टेंशन टाका", "नोटिफिकेशनला परवानगी द्या". चांगल्या खेळाला यातलं काही लागत नाही. काहीतरी बसवायला सांगितलं की टॅब बंद करायचा, वाद घालायचा नाही. मोबाइलवर एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवायची फाइल, उतरवा म्हटलं तरी तेच.

आता न्याय म्हणून एक सांगते, नाहीतर खाली कुणीतरी येऊन सांगेलच. फ्लॅशमध्ये सुरक्षेची भोकं होती आणि ती वर्षानुवर्षं बुजवत राहावी लागली. आयफोनने त्याला दारात उभं केलं नाही, आणि शेवटी 31 डिसेंबर 2020 ला अडोबीने फ्लॅश बंदच केलं. त्यामुळे त्या काळात फ्लॅशच्या वाटेने व्हायरस येऊच शकत नव्हता असं मी म्हणत नाही. फक्त आमच्या घरात तो पेन ड्राइव्हवरून आला, एवढंच म्हणते. आजचे खेळ फ्लॅशवर नसतातच. जुने खेळायचे असतील तर रफल नावाचं साधन आहे, ते फ्लॅशशिवाय फ्लॅशचे गेम चालवतं. इंटरनेट अर्काइव्हवर तसे पुष्कळ गेम ठेवलेत, तिथे हौस भागवा.

दुसरं, फुकट म्हणून सुरू होऊन पैसे लावायला सांगणारं काहीही असो, रमी असो की क्रिकेटची टीम, लांब राहा. 2025 च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे, तरी अजून कुणी लिंक पाठवत असेल तर तो तुमचा मित्र नव्हे.

आणि "हे काय गेम असतात का, खरे गेम मोठ्या मशीनवर" असं म्हणणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नका. भाऊजींची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, लीचेसवर तयार झाली. माझ्याच लॅपटॉपवर, माझ्याशी हरत हरत. आता मी तिच्याशी हरते. नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला तेव्हापासून तर भाऊजी येणाऱ्याजाणाऱ्याला पोरीचं रेटिंग सांगतात. हा फुकट ब्राउझर गेम आहे हे मी पाहुण्यांसमोर बोलत नाही. जाऊबाईंना माहीत आहे, त्या माझ्याकडे बघून हसतात.

चारपाच जण असाल तर स्क्रिबल खेळा. एकाने चित्र काढायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. खासगी खोली उघडली की स्वतःचे शब्द घालता येतात. आम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द घालतो, टमरेल, पाटा-वरवंटा, मुंडावळ्या. पुण्यातली भाचरं आणि आम्ही एकाच वेळी खेळतो. ऑफिसात मात्र साहेबांचं चित्र काढू नका, कोण कुठल्या नावाने खोलीत बसलंय कळत नाही.

मोबाइलवर चालतील का, असंही विचारलंय. लीचेस, 2048, वर्डल आरामात चालतात. स्क्रिबलला माऊसच हवा, बोटाने काढलेला हत्ती आमच्याकडे आजवर कुणी ओळखलेला नाही.