स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासानं वाचनाचा वीट आलाय. पुन्हा गोडी कशी लागेल? रोज किती पानं वाचावीत?

चार वर्षं राज्यसेवेचा अभ्यास केला. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एकच खुर्ची, सकाळी सात ते रात्री अकरा. शेवटचा निकाल लागला तसा नोट्स रद्दीत घातल्या आणि गावी आलो. तुम्ही लिहिलंय तेच माझं झालं होतं. लहानपणी जेवतानाही पुस्तक न सोडणारा मी, आता कादंबरीच्या दुसऱ्या पानावर डोकं जड व्हायचं.

आळस नव्हता तो. हात हायलायटर शोधायचा. कथेत नवरा-बायकोचं भांडण जुंपलेलं आणि मी मनात ‘पुढीलपैकी कोणते विधान बरोबर आहे’ लावतोय! पूर्व परीक्षेत उत्तर चुकलं की त्या प्रश्नाचे पाव हिस्सा गुण कापतात. त्या धाकानं प्रत्येक ओळ दोनदा वाचायची खोड लागलेली. अशी कादंबरी कुणाला गोड लागणार?

पानांचं विचारताय म्हणून सांगतो, तो प्रयोग मी केलाय. रोज वीस पानं, वहीत तारखेसह नोंद. म्हणजे पुन्हा टाइमटेबलच की. बारा दिवसांत बारगळलं.

गाडी रुळावर आली ती दिवाळी अंकांमुळे. आईनं तालुक्याच्या वाचनालयात दिवाळी अंक योजनेचे पैसे भरले होते आणि अंक बदलून आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पहिला अंक हातात घेतला तर डोक्यात काय यावं? ‘पहिला दिवाळी अंक : मनोरंजन, 1909, का. र. मित्र.’ वनलायनर! माझं मलाच हसू आलं.

पण दिवाळी अंक कुणी पहिल्या पानापासून वाचत नाही, हे त्याचं फार बरं असतं. मी आधी राशिभविष्य वाचलं, मग व्यंगचित्रं, मग मधलीच एक कथा. त्या पानावर कुणाचं तरी तेलकट बोट उमटलं होतं, बहुतेक चकलीचं. तेवढ्या जागी कागद आरपार झालेला आणि मागची दागिन्यांची जाहिरात दिसत होती. कुणीतरी फराळ करता करता ही कथा वाचली होती, आणि त्यावर त्याला कुणी प्रश्न विचारणार नव्हतं. मीही चिवड्याचा डबा काढला. कथा संपली तेव्हा चहाचं पाणी झालं होतं.

होळीपर्यंत सतरा-अठरा अंक झाले असतील. कविता सरळ सोडल्या, परिसंवाद अर्धवट टाकले. उन्हाळ्यात पहिली कादंबरी पुरी झाली. फोन लांब ठेवा असं सगळेच सांगतात. मला पेन्सिल लांब ठेवल्याचा जास्त उपयोग झाला.

परवा पुस्तक परत करताना ग्रंथपाल काकूंनी विचारलं, “कशी वाटली रे?” म्हटलं, मस्त. “त्या गावाचं नाव काय होतं बरं?” मला आठवेना. “मग ने परत,” म्हणाल्या. नाही नेली. दुसरी घेतली.