'तेव्हाचा निर्णयच चुकला' म्हणणाऱ्यांसाठी

गेल्या वर्षभरात गोव्यात फोंड्याच्या माझ्या छोट्याशा समुपदेशनाच्या क्लिनिकमध्ये एकच वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरचा माणूस खुर्चीत नीट टेकायच्या आधीच मला ते ऐकू यायला लागतं. "मॅडम, माझा तेव्हाचा निर्णयच चुकला." हॉटेल मॅनेजमेंट केलेला मुलगा म्हणतो, बोटीवरून परत आलेला म्हणतो, बँक सोडून दुकान टाकलेली बाई म्हणते. नोकरी गेली, धंदा बसला याचं दुःख असतंच, पण त्याहून जास्त पोखरतं ते हे, की आपण मुळात मूर्ख होतो.

म्हणून ही एक केस सांगते. परवानगी घेतलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. त्यांना नुसतं बाब म्हणू.

बाब डिचोलीकडचे, पेपरात १६ वर्षं खेळाचं पान बघायचे. दोन पानांचं एक झालं, एकाचं अर्धं झालं, आणि एक दिवस डेस्कच गुंडाळलं. जनरल डेस्कवर या, पगार थोडा कमी, नाहीतर तुमचं तुम्ही बघा. बाबनी बघितलं. बायकोच्या चुलतभावाच्या ओळखीनं वेर्ण्याला एका औषध कंपनीत डॉक्युमेंटेशनमध्ये लागले, तिथं २४ वर्षांची मुलगी त्यांना एसओपी, म्हणजे कामाची ठरलेली पद्धत, कशी लिहायची ते शिकवते. पगार खरं तर आधीपेक्षा बरा. पण झोप नाही, मैदानाच्या बाजूचा रस्ता टाळायचे, आणि मासळी आणायला डिचोलीचा बाजार सोडून साखळीला जायला लागले, कारण डिचोलीत प्रत्येकजण विचारतो, काय पात्रांव, आज कोण जिंकणार? (ज्या गोंयकारानं मासळीवाली बदलली त्याचं काहीतरी बिनसलंय हे ओळखायला समुपदेशक लागत नाही.)

"२००८ ला सरकारी क्लार्कची, एलडीसीची ऑर्डर हातात होती मॅडम. गोव्यात सरकारी ऑर्डर कोण सोडतं? मी सोडली, पेपरसाठी. आई अजून भात वाढताना बोलून दाखवते."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीची. १९५५ च्या सुमाराची ती पद्धत, हल्लीची मुलं तिला जुनाट म्हणतात, म्हणू देत, माझा विश्वास आहे की घटना माणसाला जेवढी छळत नाही तेवढं त्या घटनेवर आपण मनात जे वाक्य घोकतो ते छळतं. तर पहिल्या दोनतीन भेटीत मी माझं नेहमीचं सगळं केलं, निर्णय बरोबरच यायला हवा असं कुणी सांगितलं वगैरे वगैरे. बाब सभ्यपणे मान हलवायचे. पत्रकार माणूस, प्रश्नाच्या मागचा प्रश्न त्यांना आधीच दिसायचा. काही हललं नाही, हे कबूल करते.

चौथ्या भेटीत मी सगळं बाजूला ठेवलं आणि म्हटलं, बाब, मी गोव्यात जन्मले पण मला अजून फुटबॉलमधला ऑफसाइड कळत नाही, नवरा सांगून थकला. तुम्ही सांगा.

आणि तो माणूस बदलला हो. टेबलावरचे चहाचे कप ओढले, साखरेचं भांडं गोलकीपर, माझा चष्मा बॅकचा खेळाडू. पास देणारा इथं, घेणारा तिथं, चष्म्याच्या पलीकडे गोलजवळ, तर ऑफसाइड. थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो, आपल्या अर्ध्यात नसतो, नुसतं पुढं उभं राहिलात म्हणून पण शिट्टी वाजत नाही, खेळात भाग घ्यावा लागतो. मला पाच मिनिटांत कळलं, जे वीस वर्षांत कळलं नव्हतं.

मग म्हणाले, "आता मुख्य गोष्ट. पास सुटला त्या क्षणी घेणारा कुठं होता ते बघायचं. बॉल त्याच्या पायात आला तेव्हा नाही. लोक इथंच चुकतात. बॉल मिळाला तेव्हा हा एकटाच पुढं दिसतो, म्हणून सगळं ग्राउंड बोंबलतं."

मी कप तसेच ठेवले. "बाब, तुमचा पास कधी सुटला?"

बराच वेळ काहीच नाही. बाहेर तिस्कावर कदंबा बसचा हॉर्न वाजला.

"२००८."

"तेव्हा कोण कुठं उभं होतं?"

आणि मग ते बोलत सुटले, मी फक्त ऐकलं. आपल्या गोव्याचा क्लब डेम्पो देशाच्या फुटबॉल लीगचा, आय-लीगचा पहिला चॅम्पियन, पुढच्या वर्षी गोव्याचाच चर्चिल, मग परत डेम्पो, साळगावकर, डेम्पो, चर्चिल. २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत, पहिले सहाच्या सहा चषक गोव्यात. खेळाच्या बातमीवर घराघरात भांडणं व्हायची, पेपर मागच्या पानापासून वाचायचे. २०१६ ला साळगावकर, स्पोर्टिंग, डेम्पो तिघं आय-लीगमधून बाहेर पडतील, लोक मोबाइलवर स्कोअर बघून पेपर उघडणारच नाहीत, हे २४ वर्षांच्या पोराला कोण सांगणार होतं?

थांबले. साखरेच्या भांड्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, मी ऑनसाइड होतो."

२२ वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये असे क्षण मला फार मिळालेले नाहीत. आणि खरं सांगू का, ते वाक्य मी दिलं असतं तर फुकट गेलं असतं, ते त्यांच्या भाषेत, त्यांच्या तोंडून आलं म्हणून टिकलं. माझं श्रेय एवढंच की मी वेळेवर अडाणी झाले. ते मी सोडणार नाही!

आता तुमच्याबद्दल. एक कागद घ्या, निर्णयाचं वर्ष वर लिहा आणि त्या दिवशी तुम्हाला जे माहीत होतं तेवढंच लिहा. नंतर कळलेलं काही घुसलं तर खोडा, आणि ते घुसणारच, पहिल्या पाच ओळींत तीन खोडाव्या लागतात. मग बघा. काहीजण खरोखरच ऑफसाइड सापडतात, हेही सांगते, माझ्याकडे एकजण होता ज्यानं रागाच्या भरात राजीनामा ईमेल केला, दुसरी नोकरी हातात नसताना. तिथं मी गोड बोलले नाही. चूक झाली, मान्य करा. पण चूक केली म्हणजे माणूस बाद झाला हे कुठल्या रूलबुकात आहे?

लोक काय विचारतील त्याचं एका ओळीचं उत्तर घरी तयार करून ठेवा, आरशासमोर म्हणून बघा. बाबचं होतं, "पान बंद झालं, आता वेर्ण्याला आहे, तुझ्याकडे इसवण कसा दिला?" माशाचा भाव विचारला की गोव्यात कुठलाही विषय बदलतो. आणि जुन्या नोकरीचा पीएफ रागानं काढून टाकू नका, नव्या खात्यात ट्रान्सफर करा, हे माझं काम नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नव्या कामाचं म्हणाल तर तिथं फार काही करावं लागलं नाही. कंपनीत बॅच बिघडली की डिव्हिएशन रिपोर्ट लिहायचा असतो, किती वाजता काय झालं, कुणी पाहिलं, लगेच काय केलं. बाबनी पहिला लिहिला तेव्हा ती २४ वर्षांची मुलगी म्हणाली, सर, हे वाचताना मी तिथं उभी आहे असं वाटलं. १६ वर्षं हेच तर केलं होतं, जो मैदानावर नव्हता त्याला दाखवायचं.

शेवटच्या भेटीच्या आदल्या दिवशी फोन आला, आवाज ओळखूच येईना, फाटलेला, घोगरा. मला वाटलं ताप. तर मुलाची शाळेची मॅच होती आणि बाब बघायला गेले होते, नुसते बाप म्हणून, हातात वही नाही. प्रेस बॉक्समध्ये ओरडायचं नसतं म्हणे, १६ वर्षं तोंड मिटून बसलेला माणूस.

"घसा बसलाय मॅडम, उद्याचं परवा करूया का?"