पुस्तक मिटून बस

चि. लेकी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘बाई, सव्विसाव्या वर्षीच डोकं चालेनासं झालंय, बारा-बारा तास अभ्यासिकेत बसते पण काही लक्षात राहत नाही.’ वाचून जीव तुटला. तुझं डोकं धड आहे गं, अभ्यासाची रीत चुकतेय.

नोकरीत असताना संध्याकाळी मी प्रौढ साक्षरतेचा वर्ग घ्यायचे. तिथे साठीच्या एक आजी येत. पहिल्या दिवशी त्यांनी पेन्सिल मुसळासारखी मुठीत धरली होती. ‘स’ काढताना एवढा जोर लावत की कागद फाटायचा. ‘भ’ आणि ‘म’ तर महिनाभर त्यांना सारखेच दिसत. मग एका संध्याकाळी दारातूनच म्हणाल्या, “बाई, आज एसटीची पाटी वाचली मी. सासवड!”

तेव्हा त्यांच्या डोक्यात काय घडत असेल, याचा अंदाज मला फार उशिरा आला. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर बायकांना संशोधकांनी सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर मेंदूचे स्कॅन काढले. हे काम २०१७ साली प्रसिद्ध झालं. बहुतेकजणी तिशीतल्या. बदल फक्त मेंदूच्या वरच्या थरात असेल असं वाटलं होतं, पण तो खाली थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागापर्यंत आणि त्याच्याही खाली मेंदूच्या देठापर्यंत पोचलेला दिसला. आपलीच बाराखडी, आणि तिने एवढं खोलवर काम केलं.

आता तुझ्या स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाबद्दल. तू पाठवलेल्या फोटोत पान अख्खं पिवळं आहे, मार्कर न लागलेली ओळ शोधावी लागते. तेच पान चारदा वाचलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं म्हणजे आलं असा आपला समज होतो. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना शहराच्या मध्यावरच्या चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांतले सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात, त्यात तीन-चार वर्षं जातात. मेंदूशास्त्रज्ञ एलिनॉर मॅग्वायर यांच्या गटाने ७९ उमेदवारांचा मेंदू सुरुवातीपासून तपासला. जे ३९ जण पास झाले त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे आठवणी आणि वाटा सांभाळणाऱ्या भागाचा, मागचा हिस्सा वाढलेला निघाला. नापासांचा नाही. ही मंडळी नकाशा नुसता बघत बसत नाहीत. जोडीदारासमोर बसून ‘इथून डावीकडे, तिथून उजवीकडे’ असा रस्ता तोंडी म्हणतात. मला यातलं हेच महत्त्वाचं वाटतं.

तेव्हा पान वाच, मीट आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही. अडशील, घाम फुटेल. लगेच पुस्तक उघडू नकोस, दोन मिनिटं तशीच झगड. मग ताडून बघ. दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. पहिले पंधरा दिवस वाटेल की आपण मागे पडतोय. पडू दे.

रात्री दोनपर्यंत जागणं बंद कर. झोपेत मेंदू दिवसभरातल्या नोंदी पुन्हा फिरवतो, पक्क्या करतो. तीच वेळ तू कापतेयस. आणि चाल. २०११ सालच्या एका अभ्यासात पंचावन्नच्या पुढची माणसं आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं चालली, तर वर्षभरात त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला. नुसतं अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा थोडा घटला. तुझ्या खोलीपासून पर्वती कितीशी लांब आहे? पहाटे जाऊन ये, फोन खोलीवर ठेवून.

निकालाचं वचन मी देत नाही. जागा थोड्या, मुलं लाखांनी, हे तुलाही ठाऊक आहे. पण ‘डोकं गेलं’ हे पुन्हा लिहू नकोस.

रविवारी सकाळी फोन कर. १९७६ ची बेचाळीसावी घटनादुरुस्ती, उद्देशिकेत कोणते शब्द आले इथपासून सुरू करायचं. पुस्तक मिटलेलं हवं. अडलीस तरी मी थांबेन, मला घाई नाही.

तुझी,
बाई