ड्रॉ आधी कळतो, निकाल कळत नाही

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत मिशिगन राज्यात शिकतो. दर मार्च महिन्यात तो आणि त्याचे मित्र कॉलेजच्या आइस हॉकी स्पर्धेचा ड्रॉ जाहीर होण्याआधीच कागदावर मांडतात आणि तो बराचसा बरोबरही निघतो. सोळा संघांपैकी कोण कोणत्या शहरात कोणाशी खेळणार, हे बाहेरच्या माणसाला आधी कसे कळते? आणि एवढे कळत असेल, तर विजेता का सांगता येऊ नये?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या प्रश्नात खरे तर दोन वेगळे अंदाज एकत्र आले आहेत. ड्रॉचा अंदाज हे बरेचसे गणित आहे, कारण ड्रॉ ठरवणाऱ्या समितीचे नियम सर्वांना ठाऊक असतात. निकालाचा अंदाज मात्र एका रात्रीच्या खेळावर अवलंबून असतो.

स्पर्धेत सहा कॉन्फरन्सचे (मोसमभर आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांचे) विजेते थेट येतात आणि उरलेल्या दहा जागा क्रमवारीनुसार भरल्या जातात. अनेक वर्षे ही क्रमवारी ‘पेअरवाइज’ पद्धतीने ठरत असे. तिच्यात प्रत्येक संघाची दुसऱ्या प्रत्येक संघाशी तुलना करताना प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीसह मोजलेली कामगिरी, दोघांच्या समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे निकाल आणि आपसातले सामने हे तीन निकष लावले जात. २०२५-२६ च्या मोसमापासून तिची जागा ‘एनपीआय’ या निर्देशांकाने घेतली आहे. दोन्ही पद्धतींत कोणाच्या मताला जागा नाही. ज्याच्याकडे सामन्यांचे निकाल आणि सूत्र आहे, त्याला समितीइतकीच क्रमवारी मिळते.

यानंतर सोळा संघांचे चार-चारांचे चार स्तर करतात आणि चार विभागीय केंद्रांपैकी प्रत्येकावर प्रत्येक स्तरातला एक संघ पाठवतात. प्रत्येक केंद्राचा विजेता अंतिम चारांत जातो. आदर्श मांडणीत पहिला सोळाव्याशी, दुसरा पंधराव्याशी, आठवा नवव्याशी असे सामने लागतात. परंतु ही मांडणी जशीच्या तशी क्वचितच टिकते. यजमान विद्यापीठ पात्र ठरले तर त्याला स्वतःच्याच केंद्रावर खेळवावे लागते, एकाच कॉन्फरन्सचे दोन संघ पहिल्या सामन्यात समोरासमोर आणण्याचे टाळले जाते आणि अव्वल चार संघांना शक्यतो घराजवळचे केंद्र दिले जाते. आपल्या मुलाच्या कागदावरची खरी खटपट या तीन अटींचीच असते.

२०२५ चा ड्रॉ घेऊन बघू, कारण त्यात प्रत्येक अटीचा परिणाम स्वच्छ दिसतो. अव्वल चार संघ क्रमाने बोस्टन कॉलेज, मिशिगन स्टेट, मेन आणि वेस्टर्न मिशिगन असे होते. केंद्रे मँचेस्टर (न्यू हॅम्पशायर), टोलेडो (ओहायो), अ‍ॅलनटाउन (पेनसिल्व्हेनिया) आणि फार्गो (नॉर्थ डकोटा) ही होती. बोस्टन कॉलेजला मँचेस्टर जवळचे, म्हणून ते तिथे गेले. टोलेडो मिशिगनच्या दोन्ही संघांना जवळचे होते, पण मिशिगन स्टेट क्रमवारीत वर असल्याने ते त्यांना मिळाले. चौथ्या स्तरातले पेन स्टेट अ‍ॅलनटाउनचे यजमान होते, म्हणजे त्यांची जागा आधीच पक्की झालेली होती. पेन स्टेट आणि मिशिगन स्टेट एकाच बिग टेन कॉन्फरन्सचे असल्यामुळे मिशिगन स्टेटला तिथे पाठवणे तसेही शक्य नव्हते. अ‍ॅलनटाउनला मेन गेले आणि वेस्टर्न मिशिगनच्या वाट्याला दूरचे फार्गो आले.

आता दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तराकडे या. हा भाग मला स्वतःला सर्वांत आवडतो. दुसऱ्या स्तरात बोस्टन युनिव्हर्सिटी, यूकॉन आणि प्रॉव्हिडन्स हे तिघे हॉकी ईस्ट कॉन्फरन्सचे होते. चौथे फक्त मिनेसोटा बाहेरचे. तिसऱ्या स्तरातले मॅसॅच्युसेट्सही हॉकी ईस्टचेच. म्हणजे अट पाळायची तर त्यांच्यासमोर मिनेसोटाच यायला हवे होते, दुसरा पर्यायच नव्हता. मिनेसोटा फार्गोच्या गटात असल्याने मॅसॅच्युसेट्सच्या मुलांना सुमारे दोन हजार किलोमीटरांचा प्रवास करावा लागला. एका कॉन्फरन्सचे पाच किंवा अधिक संघ आले तर ही अट सैल करण्याची मुभा असते. त्या वर्षी हॉकी ईस्टचे सहा संघ असूनही समितीने अट पाळली. ज्याने एवढा विचार कागदावर केला, त्याला हा सामना घोषणेआधीच लिहिता आला असता.

विजेत्याचे मात्र असे नाही. बास्केटबॉलच्या व्यावसायिक मालिकांप्रमाणे इथे सात सामने होत नाहीत. एक हार झाली की स्पर्धा संपते, आणि बर्फावरच्या हॉकीत एका गोलरक्षकाचा दिवस उत्तम गेला तर बलाढ्य संघालाही गोल मिळत नाही. त्याच २०२५ मध्ये अव्वल चारपैकी दोघे पहिल्याच सामन्यात गेले : पेन स्टेटने मेनला ५-१ असे आणि कॉर्नेलने मिशिगन स्टेटला ४-३ असे हरवले. फार्गोला एवढ्या लांब गेलेल्या मॅसॅच्युसेट्सने मिनेसोटाला जादा वेळेत ५-४ असे नमवले. पुढे विजेते झालेले वेस्टर्न मिशिगनही तिथे पहिल्या सामन्यात मिनेसोटा स्टेटविरुद्ध दुसऱ्या जादा वेळेत कसेबसे सुटले होते. अंतिम सामन्यात त्यांनी बोस्टन युनिव्हर्सिटीला ६-२ असे हरवले. २०१३ चे उदाहरण तर अधिक बोलके आहे. क्विनिपियाक क्रमवारीत पहिले होते आणि त्या मोसमात त्यांनी येलला तिन्ही वेळा हरवले होते. पंधराव्या क्रमांकाच्या येलने अंतिम सामना ४-० असा जिंकला.

प्रश्न : मग मित्रमंडळींच्या स्पर्धेत ड्रॉचा तक्ता भरताना नवख्याने काय करावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : चारही अव्वल संघ उपांत्य फेरीत लिहू नका. २०१८ मध्ये एअर फोर्सने आणि २०१९ मध्ये अमेरिकन इंटरनॅशनलने, म्हणजे लागोपाठ दोन वर्षे, पहिल्या क्रमांकाच्या सेंट क्लाउड स्टेटला पहिल्याच सामन्यात बाहेर काढले होते. स्वतःच्या केंद्रावर खेळणाऱ्या खालच्या स्तरातील यजमानाकडे विशेष लक्ष द्या. पेन स्टेट अ‍ॅलनटाउनमधूनच पहिल्यांदा अंतिम चारांत पोहोचले. आणि तक्ता कॉन्फरन्सचे अंतिम सामने संपेपर्यंत पक्का करू नका, कारण सोळांच्या बाहेरचा एखादा संघ तिथे जिंकला, तर तो थेट आत येतो आणि क्रमवारीने आलेला शेवटचा संघ बाहेर जातो. अमेरिकेत शनिवारी रात्री यांतले शेवटचे सामने संपतात, तेव्हा आपल्याकडे रविवारची सकाळ झालेली असते.