कॉइल निवडताना

तुमच्या एक्स-टेरा ७०५ या धातुशोधक यंत्राची वारंवारता कॉइलवरून, म्हणजे जमिनीवर फिरवायच्या खालच्या चकतीवरून ठरते. म्हणून जुनी कॉइल घेताना प्लग बसतो एवढ्यावर समाधान न मानता तिच्यावर छापलेला ३, ७.५ किंवा १८.७५ किलोहर्ट्झ हा आकडा आधी वाचावा. ३ किलोहर्ट्झची कॉइल चांदी-तांब्याच्या मोठ्या, खोलवरच्या वस्तूंना, तर १८.७५ची सोन्याच्या बारीक तुकड्यांना अधिक चांगला प्रतिसाद देते. नागपूरच्या पश्चिमेकडील काळी माती बेसाल्टपासून बनलेली व लोहखनिजयुक्त असल्याने तेथे जमिनीचेच खोटे संकेत पुष्कळ मिळतात. म्हणून माझ्या मते पहिली कॉइल ७.५ची, तीही डबल-डी रचनेची (इंग्रजी D आकाराच्या दोन तारवेढ्यांची, जमिनीचे खोटे संकेत कमी करणारी) असावी. मोठ्या आकाराचा मोह टाळावा (मनगटही दुखते). दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडल्यास १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे मात्र बंधनकारक आहे.