मज्जारज्जूचा सार्कॉइडोसिस : औषधाआधी तुकडा तपासा

सार्कॉइडोसिसमध्ये शरीरात दाहक पेशींचे बारीक गोळे (ग्रॅन्युलोमा) तयार होतात; ते मज्जारज्जूत झाले तर त्याला मज्जारज्जूचा सार्कॉइडोसिस म्हणतात. या आजाराविषयी येणाऱ्या पत्रांत तोच तो गोंधळ दिसतो. म्हणून काही प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : हा कर्करोग आहे का? घरातल्या इतरांना लागेल का?

दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेच आहे.

प्रश्न : पाठीतले पाणी काढले की पाय लुळे पडतात, असे नातेवाईक सांगतात. तपासणी टाळली तर चालेल का?

टाळू नका. मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्या खाली, कमरेत सुई घालून हे पाणी काढले जाते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा.

प्रश्न : रक्तातील एसीई (सार्कॉइडोसिसमध्ये वाढू शकणारे एक विकर) नॉर्मल आली आहे, म्हणजे सार्कॉइडोसिस नाही ना? लॅबने आणखी एका पॅकेजचा आग्रह धरला आहे.

नॉर्मल एसीईमुळे हा आजार नाही असे ठरत नाही आणि वाढलेल्या एसीईमुळे तो आहे असेही ठरत नाही. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल घेणाऱ्यांमध्ये ती आपोआप कमी येते. पॅकेजवर पैसे घालवू नका. त्या पैशांतून छातीचा सीटी स्कॅन आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्या.

प्रश्न : माझे पती ४१ वर्षांचे आहेत. चार महिन्यांपासून पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो. मानेच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूला लांबलचक सूज दिसली. तीन आठवड्यांपूर्वी क्षयाची औषधे आणि स्टेरॉइड एकदमच सुरू केली व बरे वाटू लागले. आता बायोप्सी (तुकडा काढून तपासणे) कशाला?

कारण बरे वाटणे म्हणजे निदान नव्हे. सार्कॉइडोसिस, लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग), न्यूरोमायलायटिस ऑप्टिका (प्रतिकारशक्तीच मज्जारज्जू व डोळ्यांच्या नसांवर हल्ला करते तो आजार) या सर्वांत स्टेरॉइडने सूज उतरू शकते, क्षयातही काही काळ बरे वाटते, आणि दोन्ही औषधे एकदम दिल्यावर कोणत्या औषधाने काय साधले हे कोणालाच सांगता येत नाही. शिवाय स्टेरॉइडने छातीतील लसिकाग्रंथी आक्रसतात व लिम्फोमाच्या पेशी तुकड्यात सापडेनाशा होतात, म्हणजे पुरावाच पुसला जातो. आपल्याकडे क्षय इतका आढळतो, की ग्रॅन्युलोमाचा उल्लेख वाचताच क्षयाची औषधे लिहिली जातात. पण क्षयाच्या ग्रॅन्युलोमाचा मध्य बहुधा सडून दह्यासारखा झालेला असतो, सार्कॉइडच्या ग्रॅन्युलोमात सहसा तसे होत नाही, आणि हा फरकही एकट्याने पुरेसा नसल्याने त्याच तुकड्याची जीनएक्स्पर्ट (क्षयजंतूंची जनुकीय चाचणी) व कल्चर (जंतू वाढवून पाहणे) तपासणी करावी लागते.

तुकडा मज्जारज्जूचाच हवा, ही भीतीही अनाठायी आहे. बहुतेकदा ब्राँकोस्कोपच्या नळीतून, सोनोग्राफीच्या आधाराने छातीतील ग्रंथीत सुई घालून तो मिळतो. कोठून घ्यावा हे पेट स्कॅन दाखवू शकतो. एमआरआयमध्ये मज्जारज्जूच्या मागच्या कडेला व मध्यभागी शिरेतून दिलेले रंगद्रव्य त्रिशूळासारखे उमटले, तर सार्कॉइडचा संशय बळावतो, तरीही तो संशयच असतो. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका व तत्सम आजार ओळखण्यासाठी अक्वापोरिन-४ व मॉग प्रतिपिंडांची रक्ततपासणी झाली आहे का, हेही विचारा.

पाय झपाट्याने जात असतील तर स्टेरॉइड थांबवून ठेवता येत नाही, हे मला मान्य आहे. पण छातीचा स्कॅन आणि पाठीतले पाणी त्याच दिवशी होऊ शकते, आणि ते न करता चिठ्ठी लिहिली जाते याचे मला फार दुःख होते. आपल्या पतींचे स्टेरॉइड स्वतःहून बंद करू नका. सर्व सीडी व अहवाल घेऊन मेंदूविकारतज्ज्ञ आणि छातीविकारतज्ज्ञ या दोघांना याच आठवड्यात भेटा.

प्रश्न : ड जीवनसत्त्व कमी आहे. ६०,००० युनिटची पुडी दर आठवड्याला घेऊ का?

सध्या नको. सार्कॉइडचे ग्रॅन्युलोमा ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप स्वतःच तयार करतात, त्यामुळे नेहमीच्या चाचणीत पातळी कमी दिसूनही रक्तातील कॅल्शियम वाढू शकते. आधी कॅल्शियम तपासा आणि मगच डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : दोन दिवसांपासून लघवी अडते आहे आणि पाय जड झाले आहेत. डॉक्टरांची वेळ पुढच्या सोमवारची आहे. तोवर थांबू का?

थांबू नका. या वाचकांना त्याच दिवशी फोन करून रुग्णालयात जाण्यास सांगितले. उत्तर छापत आहे ते इतरांसाठी. अशी लक्षणे दिसताच वेळेची वाट न पाहता, आणि मला पत्र न लिहिता, थेट आपत्कालीन विभागात जा.