बिऱ्हाड मांडून देताना

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझी योजना वाचली. घरातल्या छळातून सुटून निवारागृहात आलेल्या आणि आता स्वतःच्या घरात जाणाऱ्या बायकामुलांना तुमचा गट सामान जमवून देणार, घर लावून देणार. निवारागृहाबद्दल लोक थोडंफार ऐकून असतात, पण तिथून बाहेर पडल्यावरच्या महिन्यांकडे फारसं कुणी बघत नाही. म्हणून काम आवडलं. योजनेतल्या दोन गोष्टी मात्र आजच काढून टाक: नव्या घराच्या दारातला ग्रुप फोटो आणि सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट.

घर सोडलं की बाई सुटली, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ताबा सुटतोय हे लक्षात आल्यावर काही पुरुष जास्तच चवताळतात. संशोधक जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ११ शहरांत जोडीदारांच्या हातून झालेल्या बायकांच्या खुनांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. एकत्र राहून वेगळं झाल्यावर, त्यातही जोडीदार हुकूमत गाजवणारा असेल तर, जिवाचा धोका वाढतो, असं त्यात दिसलं. तेव्हा नवा पत्ता म्हणजे तिचा जीव आहे असंच समज. तो गाडी चालवणाऱ्याला आणि सामान लावणाऱ्या दोघांना कळला की पुरे. व्हॉट्सॲप ग्रुपवर तो पडता कामा नये. खोक्यांवर नाव लिहू नका, आकडे टाका.

देणगीत आलेल्या वस्तू नीट तपासा. बॅगांचे कप्पे, खेळण्यांच्या शिवणी, सगळं चाचपून बघा. ठावठिकाणा कळवणारा ट्रॅकर नाण्याएवढा असतो. हे देणगीदारांवरच्या अविश्वासापोटी करायचं नाही. बाप मुलांसाठी म्हणून काहीबाही पाठवतो आणि ते कुणाच्या तरी हातून फिरत आपल्या ढिगात येऊ शकतं. तसं काही सापडलंच तर तोडूफोडू नका, निवारागृह चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यकर्तीला दाखवा; तो पुरावा ठरू शकतो. जुना मोबाइल पूर्ण रिसेट केल्याशिवाय द्यायचा नाही. मुलांच्या टॅबवर अजून वडिलांचंच खातं चालू नाही ना, हेही त्या कार्यकर्तीकडून बघून घ्या.

आणि फोन येतील. ‘मी तिचा भाऊ बोलतोय, आई आजारी आहे, कुठे आहे ती?’ आवाज रडवेला असेल, तुझं मन विरघळेल. ‘आम्ही कुणाचीच माहिती देत नाही,’ एवढं बोलून फोन ठेव आणि लगेच संस्थेला कळव. ‘इथे नाही’ असंही म्हणू नकोस. तेवढ्यावरूनसुद्धा माग काढणारे असतात.

आता सामान. भांडीकुंडी, चादरी सगळेच देतात. पहिल्या रात्री अडतं ते बल्ब, बादली, कात्री, चार्जर, नेलकटर, सॅनिटरी पॅड, दाराची कडी घट्ट करायला स्क्रूड्रायव्हर अशा बारीकसारीक वस्तूंवाचून. पण यादी तुम्ही ठरवू नका, तिलाच विचारा. आजवर पैसा, कपडे, कुणाशी बोलायचं, सगळं दुसऱ्याने ठरवलेलं असतं. आपणही प्रेमाने का होईना तेच करायला लागलो, तर तिची सुटका कसली? पडद्याचे दोन रंग समोर ठेवा. ती गप्प राहिली, तरी घाई करू नका. मुलांनाही आपापली चादर निवडू द्या. आणि तुम्ही आणलेलं कपाट तिला नको असेल तर तोंड वाकडं न करता परत न्या.

‘इतकी वर्षं का सहन केलंत?’ हा प्रश्न कुणीही विचारायचा नाही. तिने आपणहून सांगितलं तर ऐका, आणि ते तिथेच राहू द्या. पैशाची ओढाताण, मुलं, धमक्या, कधी नुसता एकटेपणा, यांमुळे काहीजणी पुन्हा त्याच घरी जातात. तसं झालं की गटातलं कुणीतरी ‘मेहनत फुकट गेली’ म्हणेलच. अशा माणसाला खोकी भरायला ठेव, कुठल्या बाईच्या घरी पाठवू नकोस. परत गेलेलीला पुढे कधी बाहेर पडावंसं वाटलं, तर तुमच्याकडे यायची लाज वाटता कामा नये.

सामान पोचवलं की गट पांगतो, हा माझा नेहमीचा राग आहे. खरी गरज तिथून पुढेच लागते. कोर्टाच्या तारखेला मुलांना सांभाळायला कुणीतरी हवं असतं, शाळा बदललेल्या मुलाचा राहिलेला अभ्यास भरून काढायचा असतो. याला फोटो नाहीत, टाळ्या नाहीत. मुलांबरोबर काम करणाऱ्यांची पडताळणी आणि प्रशिक्षण संस्थेकडूनच झालं पाहिजे, त्यात पळवाट शोधू नका.

पुढच्या बैठकीला येताना सहा महिने टिकतील अशा माणसांची नावं घेऊन ये. चारच निघाली तरी चालतील.

तुझी,
ताई